रिबेका ग्रॅट्झ आणि फिलाडेल्फियाची हिब्रू रविवार-शाळा

१

इंग्रजी कादंबरीच्या अनेक भारतीय वाचकांना यहुदी स्त्रीचे पहिले दर्शन सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत घडले. १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील रिबेका रूपवती आहे, वैद्यकात निपुण आहे आणि आपल्या धर्मावर अढळ आहे. कथेच्या शेवटी ती पित्यासह इंग्लंड सोडून जाते आणि उर्वरित आयुष्य रुग्णांच्या शुश्रूषेत व दीनांच्या सेवेत घालविण्याचा मानस बोलून दाखवते. ते आयुष्य कसे गेले हे कादंबरी सांगत नाही. तिला ते सांगण्याचे कारणही नाही.

या पात्राची मूळ प्रेरणा फिलाडेल्फिया येथील रिबेका ग्रॅट्झ (१७८१–१८६९) या होत्या, अशी एक आख्यायिका आहे. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग ह्यांची वाग्दत्त वधू माटिल्डा हॉफमन ही रिबेका ग्रॅट्झ ह्यांची जिवलग मैत्रीण. १८०९ मध्ये क्षयाने तिचा अंत झाला, त्या आजारात ग्रॅट्झबाईंनी तिची शुश्रूषा केली. पुढे १८१७ मध्ये अर्व्हिंग स्कॉटना भेटले आणि त्यांनी या यहुदी मैत्रिणीचे गुणवर्णन केले, असे ही आख्यायिका सांगते. तिला समकालीन लेखी आधार सापडलेला नाही. ग्रॅट्झबाईंच्या निधनानंतर, १८८२ साली एका अमेरिकन मासिकातील लेखामुळे ती सर्वत्र पसरली. स्वतः ग्रॅट्झबाईंनी ‘आयव्हॅनहो’ वाचली होती आणि आपल्या भावजयीला पत्र लिहून आपल्या या नामसखीविषयी तिचे मत विचारले होते; परंतु ते पात्र आपल्यावरून बेतले आहे, असा दावा त्या पत्रात नाही.

आख्यायिका खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. तिच्यामुळे झाले ते एवढेच, की एका स्त्रीच्या जवळजवळ सात दशकांच्या संस्थात्मक कार्यावर कादंबरीतील एका पात्राची छाया पडली. जिने शिक्षिका जमविल्या, सभांची इतिवृत्ते लिहिली, वर्गणीचा हिशेब राखला आणि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत शाळा चालविली, ती स्त्री लोकस्मृतीत ‘स्कॉटची नायिका’ म्हणून उरली. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्या शाळेचा.

२

फिलाडेल्फिया हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी संपादन केली ती याच नगरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आणि त्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई याच नगरात आल्या होत्या. त्याच्या बरीच वर्षे आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे नगर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे व नव्या राज्यघटनेचे केंद्र होते. धार्मिक सहिष्णुतेची तेथे परंपरा होती. ‘मिक्वे इस्राएल’ हा यहुदी समाज तेथे अठराव्या शतकाच्या मध्यापासून नांदत होता आणि १७८२ मध्ये त्याने स्वतःचे सिनेगॉग बांधले.

रिबेका ग्रॅट्झ ह्यांचे वडील मायकेल ग्रॅट्झ हे सायलीशियातून अमेरिकेत आलेले व्यापारी. आई मिरियम सायमन ही लँकेस्टर येथील एका यहुदी व्यापाऱ्याची कन्या. बारा भावंडांत रिबेकांचा क्रमांक सातवा होता. घर सधन होते, वाचनाची आवड होती, नगरातील लेखक-कलावंतांची ऊठबस होती. चित्रकार टॉमस सली ह्यांनी रंगविलेली त्यांची व्यक्तिचित्रे आजही प्रसिद्ध आहेत. त्यांनी विवाह केला नाही. एका ख्रिस्ती तरुणावरील प्रेमाचा त्यांनी धर्मासाठी त्याग केला, असेही सांगितले जाते. परंतु हाही आख्यायिकेचाच भाग समजावयास हवा. आई १८०८ मध्ये व वडील १८११ मध्ये निवर्तले. १८२३ मध्ये बहीण रेचल वारली, तेव्हा तिच्या सहा मुलांचे संगोपन रिबेकांनी आपल्या घरी केले. म्हणजे ज्यांना लोक ‘अविवाहित’ म्हणत, त्यांचे घर मुलांनी भरलेले होते.

सार्वजनिक कार्याचा आरंभ १८०१ साली झाला. हलाखीत सापडलेल्या स्त्रिया व मुले ह्यांना साहाय्य करण्यासाठी नगरातील स्त्रियांनी एक संस्था स्थापन केली. तीत यहुदी व ख्रिस्ती अशा दोन्ही स्त्रिया होत्या. वीस वर्षांच्या रिबेका तिच्या पहिल्या चिटणीस झाल्या. १८१५ मध्ये फिलाडेल्फिया अनाथालय उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि १८१९ पासून सुमारे चाळीस वर्षे त्यांनी त्याचे चिटणीसपद सांभाळले. १८२२ च्या जानेवारीत या अनाथालयास आग लागून तेवीस मुले दगावली. अशा आघाताने एखादी स्वयंसेवी संस्था सहज मोडून पडली असती. परंतु चालक स्त्रियांनी निधी जमविला आणि अनाथालय पुन्हा उभे केले.

चिटणीसपद हे दिसावयास दुय्यम पद. तथापि पत्रव्यवहार, इतिवृत्त, वार्षिक अहवाल आणि वर्गणीदारांची मनधरणी ही कामे ज्याच्या हाती, त्याच्या हाती संस्थेचा प्राण असतो. या कामाची तालीम ग्रॅट्झबाईंना अनेक वर्षे मिळाली. शाळा काढण्याची वेळ आली तेव्हा ती तालीम उपयोगी पडली.

३

ज्या धर्मादाय संस्थांत ग्रॅट्झबाई ख्रिस्ती मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून काम करीत, त्याच काळात प्रॉटेस्टंट धर्मप्रसाराची मोठी लाट अमेरिकेत आली होती. गरिबाला अन्न द्यावे, सरपण द्यावे आणि त्याबरोबर ख्रिस्ताचा संदेशही द्यावा, अशी अनेक दयाळू स्त्रियांची प्रामाणिक धारणा होती. १८२० मध्ये तर यहुद्यांची स्थिती सुधारण्याच्या नावाने धर्मांतराला वाहिलेली एक संस्था न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. गरीब यहुदी विधवेपुढे मग पेच उभा राही. तिने मदत घ्यावी तर उपदेशही ऐकावा. मदत नाकारावी तर मुले उपाशी राहतात.

या पेचाला ग्रॅट्झबाईंनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८१९ मध्ये उत्तर दिले, ते ‘फीमेल हिब्रू बेनेव्होलंट सोसायटी’ या संस्थेच्या रूपाने. अमेरिकेतील यहुदी स्त्रियांची ही पहिली स्वतंत्र धर्मादाय संस्था मानली जाते. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ती सिनेगॉगच्या पुरुष-पंचांच्या अधीन नव्हती आणि ख्रिस्ती संस्थांच्या आश्रयाखालीही नव्हती. मदत घेणाऱ्या स्त्रीचा मान राखावा, तिचे नाव चव्हाट्यावर येऊ देऊ नये, याची तिने काळजी घेतली. हिब्रूत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ज्याला देणे लागते त्याला ते देणे, हा त्याचा भाव. दया करणारा वर आणि दया घेणारा खाली, ही उतरंड त्या शब्दाला मान्य नाही.

परंतु पोट भरल्याने प्रश्न संपत नव्हता, हे हळूहळू स्पष्ट झाले. मदत घेणाऱ्या घरांतील मुलांना स्वतःच्या धर्माविषयी काही ठाऊकच नव्हते. शेजारची ख्रिस्ती मुले बायबलातील कथा, प्रार्थना व प्रश्नोत्तरे धडाधड म्हणून दाखवीत. यहुदी मूल मात्र आपण निराळे आहोत एवढेच जाणत होते, आणि का निराळे आहोत ते सांगू शकत नव्हते. अज्ञानातून येणारा हा संकोच धर्मांतराच्या उपदेशापेक्षाही अधिक घातक होता, कारण उपदेशाला उत्तर देता येते आणि संकोच मूल मनातच ठेवते.

४

रविवार-शाळेची कल्पना मूळची इंग्लंडातील. ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स ह्यांनी १७८० च्या सुमारास कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना त्यांच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी वाचन व धर्म शिकविण्यासाठी तिचा पुरस्कार केला. अमेरिकेत या चळवळीची मध्यवर्ती संस्था, ‘अमेरिकन संडे स्कूल युनियन’, १८२४ मध्ये स्थापन झाली ती फिलाडेल्फियातच. स्वस्त पुस्तके, ठरीव धडे आणि विनावेतन शिक्षिका हे तिच्या यशाचे रहस्य होते.

ग्रॅट्झबाईंनी १८१८ मध्येच आपल्या घरातील मुलांसाठी हिब्रूचा एक छोटा वर्ग चालवून पाहिला होता. तो टिकला नाही. वीस वर्षांनी, १८३८ मध्ये, बेनेव्होलंट सोसायटीच्या वतीने हिब्रू रविवार-शाळा सुरू झाली. ग्रॅट्झबाई त्या वेळी सत्तावन्न वर्षांच्या होत्या. ज्या वयात मनुष्य केलेल्या कामाचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांनी आपले सर्वांत मोठे काम आरंभिले.

रविवार हा यहुद्यांचा पवित्र दिवस नव्हे. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, आणि त्या अवधीत लेखनासही मनाई. मग रविवार का? एक तर साऱ्या नगरात त्या दिवशी दुकाने व शाळा बंद असत, त्यामुळे मुले मोकळी असत. दुसरे असे, की शेजारची मुले पुस्तके घेऊन आपापल्या रविवार-शाळेला निघत तेव्हा यहुदी मुलालाही जाण्यासाठी एक जागा मिळे. परक्या दिनदर्शिकेत स्वतःसाठी कोपरा शोधण्याचा हा प्रयत्न होता.

शाळेत मुलगे व मुली एकत्र शिकत. शिक्षण विनाशुल्क होते आणि शिकविण्याची भाषा इंग्रजी होती. आरंभी मुख्य अधीक्षिका म्हणून ग्रॅट्झबाई प्रार्थना सांगत व मुले ती त्यांच्यामागून म्हणत. मग त्या पवित्र ग्रंथातील एक भाग वाचून दाखवीत आणि मुले आपापल्या वर्गांत वाटली जात. वार्षिक परीक्षा सिनेगॉगमध्ये, पालकांसमोर होई. ती आटोपल्यावर मुलांच्या हाती खाऊ म्हणून संत्रे आणि प्रेट्झेल नावाची खारी बिस्किटे पडत. नात्यातील एका विद्यार्थिनीने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींमुळे हे तपशील आज उपलब्ध आहेत.

५

शाळा निघाली, परंतु पुस्तके कोठून आणावयाची? इंग्रजीत यहुदी मुलांसाठी लिहिलेले प्राथमिक पुस्तक जवळजवळ नव्हतेच. बायबलच्या कथांचे सुलभ धडे होते ते ख्रिस्ती रविवार-शाळांसाठी छापलेले. अब्राहाम, मोशे, दावीद ह्यांच्या कथा त्यांत होत्या; परंतु त्या कथांखालच्या प्रश्नांची उत्तरे वारंवार ख्रिस्ताकडे वळत. तेव्हा शिक्षिकांनी एक साधा उपाय योजला. जी उत्तरे यहुदी मुलाने शिकू नयेत, त्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून ती झाकून टाकली. वर उल्लेखिलेल्या आठवणींत या चिकटवाचिकटवीत गेलेल्या उन्हाळी दिवसांचा उल्लेख आहे. मुले त्या कागदाच्या कडा उचकटून, उजेडाकडे पान धरून, खाली काय दडले आहे ते वाचण्याची खटपट करीत, असेही तीत नमूद आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या झाकलेल्या पानाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. दोन संस्कृतींमधील देवघेवीचे इतके बोलके उदाहरण विरळा. पुस्तक परके आहे, पण त्यातील कथा मुळात आपलीच आहे. परक्याने ती आपल्याकडून घेतली, तिला नवा अर्थ दिला आणि त्या अर्थासह ती आता आपल्याच मुलांपुढे येत आहे. अशा वेळी पुस्तक फेकून द्यावे तर कथाही जाते. जसेच्या तसे स्वीकारावे तर अर्थ हातचा जातो. तेव्हा कथा ठेवावी आणि परका अर्थ झाकावा. मात्र झाकलेले मुलांना अधिकच खुणावते. म्हणून हा उपाय तात्पुरताच ठरणार होता. स्वतःची पुस्तके लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ती लवकरच लिहिली गेली. मिक्वे इस्राएलचे हझान, म्हणजे प्रार्थनाप्रमुख, आयझॅक लीसर ह्यांनी १८३९ मध्ये लहान मुलांसाठी प्रश्नोत्तररूप धर्मपाठ प्रसिद्ध केले आणि ते पुस्तक रिबेका ग्रॅट्झ ह्यांना अर्पण केले. शाळेतील शिक्षिका सिम्हा पेशोतो ह्यांनी बायबलच्या कथांचे प्रश्नोत्तररूप प्राथमिक पुस्तक रचले. सिम्हा व त्यांची भगिनी रेचल ह्या स्वतःची खासगी शाळा चालवीत. त्यामुळे मुलाच्या तोंडी कोणते वाक्य बसते आणि कोणते बसत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. धर्मशिक्षणाचे पुस्तक स्त्रीने लिहावे आणि ते अनेक वर्षे वर्गात चालावे, ही त्या समाजातील नवलाची गोष्ट होती. लीसर ह्यांनी पुढे संपूर्ण हिब्रू बायबलाचे इंग्रजी भाषांतर १८५३ मध्ये पूर्ण केले. म्हणजे चिकटविलेल्या कागदापासून स्वतंत्र भाषांतरापर्यंतची मजल या समाजाने पंधरा वर्षांत गाठली.

६

या शाळेचे खरे वेगळेपण तिच्या शिक्षकवर्गात होते. तो संपूर्णपणे स्त्रियांचा होता. यहुदी परंपरेत अध्ययनाला पूजेइतकेच मोल आहे. तथापि पुत्राला धर्मग्रंथ शिकविण्याचे कर्तव्य पित्याचे मानले गेले आणि अध्ययनाचे बंधन स्त्रियांवर नव्हते. स्त्री घरातील आचार सांभाळी; शब्बाथचे दिवे लावी, आहाराचे नियम पाळी, सणावारांची सिद्धता करी. धर्म तिच्या हातांत होता, ग्रंथ मात्र पुरुषांच्या हातांत होता. फिलाडेल्फियाच्या शाळेने ही विभागणी मोडली. पुरुषांशी वाद घालून नव्हे, तर पुरुष जे काम करीत नव्हते ते आपण उचलून.

शिक्षिकांना वेतन नव्हते. ही विनावेतन सेवा म्हणजे गौरवाचा विषय की स्त्रीच्या श्रमाचे मोल न करण्याची जुनीच रीत, असा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो विचारणे योग्यच आहे. दोन्ही गोष्टी येथे खऱ्या आहेत. वेतन नसल्यामुळे घर सधन किंवा निदान स्थिर असणाऱ्या स्त्रियांनाच हे काम झेपले. परंतु वेतन नसल्यामुळेच त्यांच्यावर कोणा पंचांचा हुकूम चालला नाही. काय शिकवावे आणि कोणी शिकवावे, हे त्यांनी ठरविले. शाळेत शिकलेल्या मुलींतून पुढच्या शिक्षिका तयार झाल्या. एका स्त्रीच्या उत्साहावर उभे राहिलेले कार्य तिच्याबरोबर संपते. जे कार्य आपल्या वारसदार स्वतः घडविते, ते टिकते.

कार्याचा विस्तार फिलाडेल्फियापुरता राहिला नाही. त्याच वर्षी दक्षिणेत चार्ल्सटन येथे सॅली लोपेझ ह्यांनी अशीच शाळा काढली आणि तिच्यासाठी फिलाडेल्फियाहून धडे पाठविले गेले. पुढे जर्मन भाषक प्रदेशांतून यहुदी स्थलांतरितांचा मोठा ओघ अमेरिकेत आला. १८४० च्या सुमारास अंदाजे १५,००० असलेली त्यांची संख्या १८६० पर्यंत १,५०,००० च्या घरात गेली. या नवागत गरीब कुटुंबांतील मुलांना रविवार-शाळेने धर्माबरोबरच इंग्रजी भाषाही दिली. अनाथ व निराधार यहुदी मुलांसाठी ‘ज्युइश फॉस्टर होम’ १८५५ मध्ये स्थापन झाले, त्यामागेही ग्रॅट्झबाईंचा आग्रह होता. अनाथालयाच्या चिटणीस म्हणून घालविलेल्या वर्षांनी त्यांना शिकविले होते, की ख्रिस्ती अनाथालयात वाढलेले यहुदी मूल बहुधा आपल्या समाजाकडे परतत नाही.

शाळेचे अधीक्षकपद त्यांनी १८६४ मध्ये सोडले. २७ ऑगस्ट १८६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू हायमन ग्रॅट्झ ह्यांनी करून ठेवलेल्या विश्वस्त निधीतून पुढे १८९५ मध्ये फिलाडेल्फियात ग्रॅट्झ कॉलेजची स्थापना झाली आणि यहुदी शिक्षक घडविण्याचे काम तेथे सुरू झाले.

७

या प्रयोगाच्या मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की आठवड्यातून एका दिवशी काही तास शिकवून धर्म कळत नाही. शाळेचे नाव हिब्रू, पण हिब्रू भाषा तेथे फारशी येत नव्हती. प्रार्थनेची व ग्रंथाची भाषा मुलांना परकीच राहिली. स्वतः लीसर, जे या शाळेचे सर्वांत मोठे साहाय्यक, तेही एवढ्यावर समाधानी नव्हते. त्यांच्या प्रयत्नांनी १८४८ मध्ये ‘हिब्रू एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली आणि १८५१ मध्ये तिने सर्व दिवस चालणारी शाळा उघडली, जेथे व्यावहारिक विषयांबरोबर हिब्रू शिकविले जाई.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रश्नोत्तरी ही रचना ख्रिस्ती परंपरेत रुळलेली. तीत श्रद्धेची कलमे पाठ करावयाची असतात. यहुदी धर्म मुख्यतः आचाराचा, विधिनियमांचा आणि ग्रंथावरील वादविवादाचा. तेथे एका प्रश्नाला अनेक उत्तरे असतात आणि ती सर्व जपून ठेवली जातात. अशा धर्माला एक प्रश्न–एक उत्तर या साच्यात बसविले, की शब्द आपले राहिले तरी ढाचा परका होतो. चिकटविलेल्या कागदाने परके वाक्य झाकता आले. परके रूप झाकता आले नाही.

हा आक्षेप खरा आहे, परंतु तो पुरता नाही. पर्याय काय होता, तेही पाहावयास हवे. पारंपरिक पाठशाळा त्या नगरात मुळे धरू शकली नव्हती. ग्रॅट्झबाईंचा १८१८ चा घरगुती हिब्रू वर्गही टिकला नव्हता. निवड उत्तम शिक्षण व मध्यम शिक्षण ह्यांत नव्हती. ती थोडे शिक्षण आणि शून्य शिक्षण ह्यांत होती. ज्या मुलाला स्वतःच्या धर्मातील दहा कथा आणि दोन प्रार्थना येतात, ते पुढे अकरावी कथा शोधू शकते. ज्याला काहीच येत नाही, त्याला काय शोधावे हेही कळत नाही. लीसर ह्यांच्या शाळेलाही पालक मिळाले ते रविवार-शाळेने त्यांच्या मनात भूक निर्माण केली होती म्हणून, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

८

या प्रश्नाचे दुसरे रूप भारतात, आणि तेही मराठी भाषेत, पाहावयास मिळते. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रीतीमुळे ‘शनवार तेली’ म्हटले जाई, शतकानुशतके मराठी बोलत आला. हिब्रू ग्रंथांचे ज्ञान त्यांच्यात फारसे उरले नव्हते. शब्बाथ, सुंता, आहारनियम आणि काही प्रार्थना एवढा ठेवा मात्र त्यांनी जतन केला होता. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांनी व पुढे स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन ह्यांनी काढलेल्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकू लागली. विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू धर्मप्रसाराचा होता. परिणाम मात्र असा झाला, की ज्या समाजाला आपल्या ग्रंथांची भाषा दुरावली होती, त्याला ती मराठीच्या द्वारे पुन्हा हाती येऊ लागली.

येथेही ‘झाकलेल्या पाना’चाच प्रश्न होता. मिशनऱ्यांच्या मराठी भाषांतरात यहुद्यांच्या ग्रंथाला ‘जुना करार’ असे नाव मिळाले. परंतु ज्याच्या लेखी नवा करार नाहीच, त्याला हा करार जुना कसा वाटावा? बेने इस्राएलांनी मिशनच्या विद्येचा लाभ घेतला आणि धर्म मात्र सोडला नाही. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक मुंबईत हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह छापले गेले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्राएली मुलांची शाळा निघाली, जी पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून ओळखली गेली. तिच्या मुख्याध्यापिका म्हणून १९२२ ते १९५० या काळात रिबेका रूबेन ह्यांनी काम पाहिले. दोन रिबेकांचे नामसाम्य हा योगायोग. कार्यसाम्य मात्र योगायोग नव्हे. दोन्ही समाज संख्येने लहान, दोघांपुढे प्रॉटेस्टंट मिशनचे आव्हान, दोघांची घरची भाषा हिब्रूहून निराळी. आणि दोन्ही ठिकाणी पुढची पिढी सांभाळण्याचे दैनंदिन काम एका अध्यापक स्त्रीकडे आले.

भेदही ध्यानात घ्यावयास हवा. फिलाडेल्फियात इंग्रजी ही नवागतांनी शिकावयाची भाषा होती आणि रविवार-शाळेने धर्माला त्या भाषेत आणले. कोकणात मराठी ही त्या समाजाची स्वतःचीच मायबोली होती. त्यामुळे बेने इस्राएलांना आपला धर्म मराठीत सांगताना परक्या अंगणात उभे राहिल्यासारखे वाटले नाही. पुढे त्यांनी कीर्तनासारखा अस्सल मराठी प्रकार बायबलच्या कथांसाठी वापरला. फिलाडेल्फियाने प्रश्नोत्तरी उसनी घेतली, मुंबईने कीर्तन. परंतु कीर्तन हे उसने घेतलेले आहे, असे कीर्तन ऐकणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबाला वाटले नसावे.

९

अल्पसंख्य समाजापुढील मूलभूत प्रश्न हा, की सक्तीचे कोणतेही साधन हाती नसता पुढच्या पिढीला आपल्यापाशी कसे राखावे. राज्य त्याचे नाही, बाजार त्याच्या पंचांगाने चालत नाही, शाळेतील पुस्तके त्याची नाहीत. अशा स्थितीत भिंती उंच करणे हा एक मार्ग; भिंतीच नसल्यासारखे वागणे हा दुसरा. रिबेका ग्रॅट्झ ह्यांनी तिसरा मार्ग धरला. ख्रिस्ती मैत्रिणींबरोबरचे अनाथालयाचे काम त्यांनी आयुष्यभर सोडले नाही, आणि यहुदी मुलांचे धर्मशिक्षण त्या मैत्रिणींच्या हाती दिलेही नाही. सहकार्य आणि स्वत्व ह्या एकमेकींच्या विरोधी गोष्टी आहेत, असे त्यांना वाटले नाही.

त्यांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्यांचे विचार आहेत ते आप्तांना लिहिलेल्या पत्रांत आणि संस्थांच्या अहवालांत. म्हणूनच इतिहासाने त्यांना विसरणे सोपे होते, आणि कादंबरीतील रिबेकेने त्यांची जागा घेणेही सोपे होते. परंतु समाज टिकतो तो बहुधा अशाच कामांवर. दर रविवारी शाळेचे दार उघडावे लागते, न आलेल्या मुलाच्या घरी निरोप धाडावा लागतो, पान झाकावयाचे असेल तर कागद कापून खळ लावावी लागते, आणि झाकणे पुरत नाही हे कळल्यावर नवे पुस्तक लिहवून घ्यावे लागते. फिलाडेल्फियातील त्या शाळेत हे काम ग्रॅट्झबाईंनी सव्वीस वर्षे केले. त्यांनी पद सोडले तेव्हा ते करावयास त्याच शाळेतून शिकून गेलेल्या स्त्रिया हजर होत्या.